पावसाळ्यात एक खोली कोरडी ठेवायची तर

मी पार्ल्यात तबला शिकवतो. तळमजल्यावरचं घर, शिकवणीची खोली दहा बाय बाराची, पश्चिमेला खिडकी. पाऊस लागला की तबले सादळतात. सकाळी काळी एक या सुराला मिळवलेला तबला संध्याकाळच्या शिकवणीला उतरलेला असतो. मग बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकायचे, चामड्याच्या वाद्या ताणायच्या. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तीच ताणलेली पुडी, म्हणजे वरचं कातडं, फुटते. एका जुलैत माझ्या गुरुजींनी दिलेल्या डग्ग्याची खोळ काढली, तर गजऱ्याच्या, म्हणजे पुडीच्या कडेच्या चामडी वेणीच्या, वळ्यांमध्ये पांढरी बुरशी. बोट फिरवलं की पिठासारखी हाताला लागत होती. त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं यंत्र, घ्यायचं ठरवलं.

पण त्याआधी दोन गोष्टी करा. पहिली म्हणजे हवेतला दमटपणा मोजणारं छोटं हायग्रोमीटर आणा. काही शे रुपयांत मिळतं, मी लॅमिंग्टन रोडवरून आणलं. ते खरं बोलतंय का हे घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे चार थेंब घालून ओल्या वाळूसारखं करा आणि मीटरबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास हवा. माझं ७९ दाखवत होतं, म्हणून मी कायम चार वजा करून वाचतो.

दुसरी गोष्ट भिंतीची. ओल बाहेरून पाझरते आहे की खोलीतल्या हवेची आहे, हे कळल्याशिवाय पैसे घालू नका. हातभर प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवस ठेवा. आपल्या बाजूला दव धरलं तर खोलीतला दमटपणा. मागच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय, आणि तिथे आधी गवंडी लागतो. माझ्याकडे खिडकीच्या चौकटीखाली मागून थेंब निघाले. बाहेरची भेग बुजवली, सज्जाचा उतार नीट करून घेतला, तेव्हा कुठे पोपडे थांबले.

आता यंत्र. मी आधी चूक केली ती सांगतो. कॉम्प्रेसर नसलेली, टेबलावर मावणारी एक डबी घेतली. आवाज नाही, वीज कमी, दिसायलाही छान. दोन दिवसांत अर्धा कप पाणी जमलं. ती कपाटापुरती ठीक, खोलीला नाही. आपल्याकडच्या उष्ण हवेत कॉम्प्रेसरवालंच घ्या. आत थंड नळ्या असतात, त्यांवर हवेतली वाफ दव होऊन टाकीत पडते, फ्रिजचंच तंत्र. ओलावा शोषणारी चकती फिरवणारा दुसरा प्रकार थंड प्रदेशात चांगला. त्यात हीटर असतो, मुंबईत तो नको.

खोक्यावरचा ‘दिवसाला १२ लिटर’ हा आकडा बहुतेक वेळा ३० अंश आणि ८० टक्के दमटपणाला मोजलेला असतो. खोली कोरडी होत गेली की तेच यंत्र निम्मंही पाणी काढत नाही, तो बिघाड नव्हे. माझ्या खोलीला १२ लिटरचं पुरतं. हॉल मोठा असेल, किंवा घरात कपडे वाळत घालत असाल, तर २० च्या पुढचं बघा. हव्या त्या आकड्याला आपोआप बंद होणारं, आणि वीज जाऊन आली की पुन्हा सुरू होणारं असावं. नळी जोडायची सोयही बघून घ्या. नळीला उतार लागतो, म्हणून माझं यंत्र पाटावर आहे आणि पाणी थेट मोरीत जातं. घरी आणताना आडवं झालं असेल तर काही तास उभं ठेवूनच चालू करा.

वापरताना दार-खिडक्या बंद. हे विद्यार्थ्यांच्या घरच्यांना पटत नाही, ‘हवा खेळती हवी ना, सर?’ म्हणतात. एक हिशेब सांगतो. माझ्या खोलीतल्या हवेचा दमटपणा ८८ वरून ५५ वर आणायला जेमतेम पाव लिटरभर पाणी काढावं लागतं. तरी पहिल्या तीन दिवसांत टाकी पुन्हा पुन्हा भरली. ते पाणी गादी, पुस्तकं, सतरंजी, भिंती यांनी साठवलेलं होतं, ते हळूहळू बाहेर येत राहतं. खिडकी उघडी असेल तर त्यात सगळ्या पार्ल्याची हवा येऊन मिळते आणि यंत्र बिचारं रात्रभर राबतं. म्हणून पहिले तीन-चार दिवस सलग चालवा, नंतर दिवसाला चार-पाच तास पुरतात. माझं यंत्र २५० वॉटचं, म्हणजे चार तासांना एक युनिट.

खोली मात्र तापते, दोन-तीन अंशांनी. त्यामुळे मी दुपारी लावतो आणि शिकवणीआधी अर्धा तास बंद करतो. एसी असेल तर तुम्ही बसलेले असताना त्याचा ड्राय मोड वापरा.

आकडा ५५ वर ठेवा. ६५ च्या वर बुरशीला वाव मिळतो, पण ४५ च्या खाली उतरू नका. कातडं ताणून सूर चढतो, लाकडाला तडे जाण्याची भीती असते. यंत्र भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, कपाटंही चार बोटं पुढे ओढा. जाळी पंधरा दिवसांनी धुवा. ती तुंबली की पाणी कमी जमतं. टाकीतलं पाणी प्यायचं नाही, मी ते लादी पुसायला वापरतो.

ऑक्टोबरच्या शेवटी टाकी आणि नळी धुऊन कोरडी करा, दिवसभर उघडी ठेवा आणि मगच यंत्र झाकून ठेवा. त्याच आठवड्यात मी तबल्यांचे गठ्ठे एकेक करून वर सरकवतो, म्हणजे पुडीचा ताण उतरतो.