दमट उन्हाळ्यातला गोल्फ: घाम वाळत नाही तेव्हा काय करायचं

ओला रुमाल मानेवर टाकून, उभ्या कार्टमध्ये (गोल्फच्या मैदानावर फिरायच्या छोट्या उघड्या गाडीत) घाम पुसत बसलेला गोल्फर दिसला की माझा हात आधी त्याच्या कार्टच्या समोरच्या काचेकडे जातो. बहुतेक कार्टची ही काच मधोमध दुमडून खाली घेता येते. पहाटेच्या दवामुळे किंवा आदल्या दिवशीच्या पावसामुळे कोणीतरी ती वर केलेली असते आणि मग दिवसभर ती तशीच राहते. समोरून येणारा सगळा वारा ती अडवते. दमट हवेत रुमालापेक्षा वाऱ्याची गरज जास्त असते.

शाळेत अनेक वर्षं भौतिकशास्त्र शिकवलंय, त्यामुळे कारण सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आपल्याला गारवा मिळतो तो घाम येण्यामुळे नाही, घाम वाळण्यामुळे. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून टपकून गवतावर पडला तर त्याचा उपयोग शून्य. शरीरातलं पाणी आणि मीठ मात्र गेलं ते गेलंच. हवेत आधीच भरपूर बाष्प असलं की घाम वाळायला जागाच उरत नाही. म्हणून तर ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना सावलीतही अंगाला ४१ अंशांसारखं वाटतं. खेळाडू आणि सैनिकांसाठी उष्णतेचा धोका मोजतात तो 'वेट बल्ब ग्लोब' निर्देशांकही हेच सांगतो. उघड्यावरच्या हिशेबात त्यात ओल्या बल्बच्या, म्हणजे ओलं कापड गुंडाळलेल्या तापमापकाच्या, तापमानाला ७० टक्के वजन आहे, ऊन आणि किरणांची उष्णता टिपणाऱ्या काळ्या गोळ्याला २० टक्के आणि साध्या तापमापकाला फक्त १० टक्के. आपण मात्र फोनवर तेवढे ते १० टक्केच बघून घराबाहेर पडतो.

थोडक्यात, कोरड्या उन्हाळ्यातली 'अंग ओलं ठेवा' ही युक्ती इथे अर्धीच चालते. इथे अंगाला थंड वस्तू लावायची, वारा घ्यायचा आणि मुळात उष्णता कमी गोळा करायची.

कधी खेळायचं

हवामानाच्या अ‍ॅपमध्ये आर्द्रतेची टक्केवारी बघू नका, दवबिंदू बघा, म्हणजे हवा ज्या तापमानाला गार झाली की दव पडायला लागतं ते तापमान; ते जितकं जास्त तितकं हवेत बाष्प जास्त. टक्केवारी पहाटे सगळ्यात जास्त दिसते, आणि ती बघून लोक घाबरून दुपारची वेळ घेतात. हे उलटंच झालं. पहाटे हवा गार असते म्हणून टक्केवारी फुगते; बाष्प साधारण तेवढंच असतं आणि डोक्यावर ऊन नसतं. दवबिंदू २४ अंशांच्या वर असला की मी तो दिवस जड धरते आणि पहिली टी टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) मागते. ती मिळाली नाही तर नऊ होल, म्हणजे अर्धा राउंड, खेळून घरी.

उतरत्या उन्हात खेळायलाही हरकत नाही, पण दमट प्रदेशात दुपारनंतर ढग जमतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदही झाले नाहीत तर खेळ तिथेच थांबवून पक्क्या इमारतीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. कार्टचं छप्पर विजेपासून वाचवत नाही. झाडही नाही.

मोसमातल्या पहिल्या उकाड्यात जरा दमानं घ्या. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर यायला लागतो आणि त्यातलं मीठही कमी होतं. वर्षभर एसीत बसून पहिल्याच रविवारी अठरा होल खेळायला निघालेल्यांना मी स्पष्ट नाही म्हणते, मग राग आला तरी चालेल.

कार्टमधून गारवा कसा काढायचा

कार्ट म्हणजे सावली आणि आराम, असं सगळे धरून चालतात. सावली खरी आहे. पण चार तासांच्या राउंडमध्ये कार्ट प्रत्यक्ष धावते किती? बराच वेळ ती उभीच असते, आणि उभ्या कार्टमध्ये छपराखाली कोंडलेल्या हवेत, रेक्झिनच्या गरम सीटला पाठ चिकटवून बसणं हा काही आराम नव्हे. त्यामुळे कार्ट थांबली की मी उतरते. झाडाखाली, उंचवट्यावर, जिथे झुळूक लागेल तिथे उभी राहते. नवरा बसूनच राहतो आणि पाठ भिजली म्हणून कुरकुरतो. हा आमचा जुना वाद आहे.

निवड असेल तर इलेक्ट्रिक कार्ट घ्या. पेट्रोल कार्टचं इंजिन सीटच्या खाली-मागे असतं आणि त्याची धग मांड्यांना जाणवते. सीटवर जाड सुती टॉवेल अंथरा, आणि चालताना पाठ थोडी पुढे ठेवा म्हणजे शर्टाच्या मागूनही हवा जाईल. पाय बाहेर लोंबकळत ठेवून वारा घेणारे असतात. वळणावर पाय चाकाखाली सापडतो, ते करू नका.

गाडी कुठे उभी करायची याचा विचार शॉट मारायच्या आधी करायचा. पहिली पसंती झाडाच्या सावलीला, पण सावली सरकते हे लक्षात ठेवून. ग्रीनवर (खळग्याभोवतीच्या बारीक गवतावर) दहा मिनिटं जाणार असतील तर दहा मिनिटांनंतर सावली कुठे असेल ते बघायचं. झाड नसेल तर कार्टचं तोंड असं ठेवायचं की छपराची सावली सीटवर पडेल. मध्यान्हीला कशीही लावली तरी चालते. सूर्य कलला की ऊन बाजूने आत शिरतं, आणि मग सूर्याकडच्या बाजूला बसलेला माणूस भाजतो. त्या बाजूच्या खांबांना एक फिक्या रंगाचा टॉवेल बांधा, आणि नऊ होल झाले की जागा बदला. ही गोष्ट सुरुवातीलाच ठरवून घ्यावी. नवव्या होलनंतर कोणीच उदार नसतं.

खांबाला अडकवायचा बॅटरीवरचा छोटा पंखा फालतू वाटतो, पण चांगला उपयोगी पडतो. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्यापेक्षा गार आहे तोवर पंख्याचा वारा उष्णता घेऊनच जाणार, आणि दमट ठिकाणी तापमान बहुधा त्याच्या खालीच असतं. झोत चेहऱ्याबरोबर छातीवरही घ्या. पाण्याचा फवारा उडवणारे पंखे मात्र कोरड्या हवेसाठी ठीक. दमट हवेत ते चष्मा भिजवतात, त्यापलीकडे फारसं काही करत नाहीत.

कार्ट फेअरवेवर (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) न्यायला बंदी असेल त्या दिवशी तुमची दमछाक रस्त्यापासून चेंडूपर्यंतच्या फेऱ्यांत होते. दोन-तीन क्लब (खेळायच्या काठ्या), अंतर मोजायचा रेंजफाइंडर आणि रुमाल एकदमच घेऊन जा. एक क्लब चुकला म्हणून परत कार्टपर्यंत आणि पुन्हा चेंडूपर्यंत, हे अठरा होल केलं तर चालणं भरपूर वाढतं, तेही उन्हात.

बर्फ

बाजारात 'कूलिंग टॉवेल' मिळतात: भिजवायचे, झटकायचे, गळ्यात घालायचे. ते बाष्पीभवनावर चालतात. दमट हवेत पाच मिनिटांत ते अंगाइतके गरम होतात आणि मग गळ्यात नुसतं ओझं. त्यांना फेकू नका, बर्फाच्या पाण्यात टाका. मग तोच टॉवेल कामाचा होतो, कारण आता उष्णता वाळण्याने नाही, थंड पाण्याला भिडून जाते.

माझी बर्फाची पेटी अशी भरते. तळाशी रात्रभर गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आडव्या. त्यावर झिपच्या मोठ्या पिशवीत घडी केलेले दोन छोटे टॉवेल, त्याच पिशवीत थोडं पाणी आणि मूठभर बर्फ. वरून सुटा बर्फ. प्यायचं पाणी या पेटीत ठेवत नाही, त्याला वेगळी पिशवी, कारण पाण्यासाठी झाकण सारखं उघडलं की बर्फ बाराव्या होललाच संपतो. टी शॉट (होलचा पहिला फटका) मारून कार्टमध्ये बसलं की एक टॉवेल काढायचा, अर्धवट पिळायचा, मानेवर टाकून दोन्ही टोकं गळ्याच्या बाजूंना दाबायची. तो कोमट झाला की पिशवीत परत आणि दुसरा बाहेर. मनगटं आणि कोपरापर्यंतचे हात पुसून घेतले तर आणखी बरं. हाताच्या त्वचेतून उन्हाळ्यात भरपूर रक्त वाहत असतं, ते तिथेच गार होऊन आत जातं. सुटा बर्फ थेट त्वचेला धरून ठेवू नका, कापडातून लावा.

बर्फात कंजुषी नको. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी शोषतो, म्हणजे एक लिटर घाम वाळण्याच्या सातव्या हिश्श्याइतकंच. दोघांसाठी मी तीन-चार किलो नेते. निघण्याआधी किसलेला बर्फ घातलेलं पेय सावकाश प्यायलं तरी सुरुवात गार होते. मोठ्या स्पर्धांतले धावपटू आणि सायकलपटूही तसं करतात.

आता ग्रिप, म्हणजे क्लबवरची पकड. बर्फाचा टॉवेल आणि हात पुसायचा टॉवेल कधीही एक करू नका. कोरडा टॉवेल बॅगेच्या पट्ट्याला, ओला पेटीत. हातमोजे किमान तीन, आणि काढलेला मोजा खिशात कोंबायचा नाही, छपराच्या खांबाला बोटं वर करून अडकवायचा. तळवे फारच घामेजत असतील तर पावसासाठीचे हातमोजे घाला, ते ओले झाल्यावर उलट जास्त पकडतात. सनस्क्रीन हाताच्या पालथ्या बाजूने लावा, तळव्याने नाही. दर दोन तासांनी पुन्हा. कपाळाला काठीसारखं येणारं घट्ट सनस्क्रीन लावलं की ते घामाबरोबर डोळ्यांत उतरत नाही.

कपडे सैल, फिके, पातळ आणि लवकर वाळणारे. जाड सुती शर्ट घाम पिऊन अंगाला चिकटतो. अर्ध्या चड्डीबद्दल कोणी नाक मुरडलं तर सांगा, अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूरने कॅडींना (खेळाडूची बॅग वाहणाऱ्यांना) १९९९ मध्येच ती परवानगी दिली. खेळाडूंना सरावाच्या फेऱ्यांसाठी २०१९ पर्यंत थांबावं लागलं. ओझं उचलणाऱ्याला आधी मिळाली, हे योग्यच झालं.

छत्री जरूर न्या, पण नियम माहीत असू द्या: शॉट मारताना दुसऱ्याने तुमच्यावर सावलीसाठी छत्री धरलेली चालत नाही. स्वतः एका हातात धरून दुसऱ्या हाताने पट (ग्रीनवरचा हलका फटका) केला तर चालतो.

पाणी

दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे साधारण २४० मिली. एका होलला तेवढाच वेळ लागतो, म्हणून घड्याळ न बघता प्रत्येक टीवर (होल सुरू होतो तिथे) एक पेला. तहान लागायची वाट बघू नका, विशेषतः साठी ओलांडली असेल तर. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. दुसरं टोकही वाईट. तासाला दीड लिटरच्या वर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. दोन तासांच्या वर घाम गाळणार असाल तर अधूनमधून मीठ-साखर असलेलं पेय घ्या. आपल्याला किती लागतं हे कळायचा सोपा उपाय वजनकाटा: राउंडच्या आधी आणि नंतर वजन करा, एक किलो उतरलं म्हणजे ढोबळमानाने एक लिटर कमी पडलं. बिअर राउंडनंतर, आणि तीही पाणी पिऊन झाल्यावर.

लघवीचं प्रमाण वाढवणाऱ्या, रक्तदाबाच्या, अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या उष्णता सोसायची ताकद कमी करतात. तुमच्या त्यात आहेत का ते डॉक्टरांना आधी विचारा.

अंगाशी आलं तर

१९६४ च्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी वॉशिंग्टनजवळच्या काँग्रेशनल क्लबवर एकाच दिवसात ३६ होल होते आणि तापमान ३८ अंशांच्या जवळ. अमेरिकन गोल्फर केन व्हेंचुरी सकाळची फेरी ६६ फटक्यांत खेळला आणि मधल्या सुट्टीत गळून आडवा झाला. डॉक्टरांनी पुढे खेळू नको असं सांगितलं. तो खेळला, आणि जिंकला. पुढच्या वर्षीपासून स्पर्धा चार दिवसांची झाली. लोक ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला त्यातले डॉक्टर जॉन एव्हरेट महत्त्वाचे वाटतात, कारण दुपारभर ते त्याच्याबरोबर चालत होते. तुमच्या चौघांच्या फोरबॉलमध्ये डॉक्टर चालत नसतो.

म्हणून डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, पायात गोळे येणं यातलं काहीही झालं की खेळ थांबवा. स्पर्धेत असाल तरी घाबरू नका. उष्णतेमुळे आजारी पडलेल्या खेळाडूला सावरायला समिती साधारणपणे १५ मिनिटांपर्यंत वेळ देऊ शकते असा नियमांचाच खुलासा आहे. आणि अशा माणसाला कार्ट चालवू देऊ नका, तो कितीही 'मी ठीक आहे' म्हणाला तरी.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, स्वतःचा चेंडू ओळखेना, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून नाही असं समजू नका; खेळताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकतं. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि प्रत्येक मिनिट मोजून जातं. आधी गार करायचं, मग हलवायचं. सावलीत आडवं करा, बूट आणि शर्ट काढा, पेटीतलं सगळं बर्फाचं पाणी अंगावर ओता, बर्फाचे टॉवेल मान, काखा, जांघा आणि जमेल तितक्या अंगावर फिरवत राहा, कोणीतरी जोरात वारा घाला. जवळ नळी असेल तर ती सोडा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

तेवढ्यात दुसऱ्याने रुग्णवाहिका आणि क्लबचं ऑफिस, दोन्हीकडे फोन करायचा. रुग्णवाहिकेला क्लबचं नाव सांगून भागत नाही. होल नंबर, तिथे गाडी पोहोचेल असा जवळचा रस्ता आणि कोणत्या फाटकातून यायचं ते सांगा, आणि चौथ्या माणसाला कार्ट घेऊन त्या फाटकावर पाठवा.