"सगळं मिळून किती?": इंटिरियर डिझाइन आणि फिट-आउट यांच्यामध्ये मी जिथे अडकले

डिप्लोमा झाल्यावर तीन वर्षं मी नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका ऑफिसात ड्रॉइंग काढली. प्लॅन, एलिव्हेशन (भिंत समोरून कशी दिसेल ते), इलेक्ट्रिकल लेआउट, थ्रीडी, सगळं जमायला लागलं होतं. म्हणून 2019 मध्ये स्वतःचं पहिलं काम मिळालं तेव्हा वाटलं, आता फक्त एक चांगला मिस्त्री शोधायचा, बाकी काही राहिलेलं नाही. पाथर्डी फाट्याजवळचा टू बीएचके होता. काका ओझरहून निवृत्त झालेले, मुलाचं लग्न पाच महिन्यांवर आलेलं. दुसऱ्या भेटीत काकूंनी चहा आणला आणि काका म्हणाले, "मॅडम, ते डिझाइनचे वेगळे, कामाचे वेगळे, असलं काही आम्हाला कळत नाही. सगळं मिळून किती ते सांगा."

मी दुसऱ्या दिवशी एका पानावर एक आकडा लिहून दिला. 6 लाख 40 हजार. खाली पाच ओळी: किचन, दोन वॉर्डरोब, टीव्ही युनिट, फॉल्स सीलिंग, रंग. सोबत थ्रीडीचे सहा व्ह्यू. तेच पान माझं कोटेशन, तोच करार, तीच माझी फी.

इंटिरियर डिझाइन आणि फिट-आउट, म्हणजे ते डिझाइन साइटवर प्रत्यक्ष करून देणं, यांतला फरक कॉलेजात सगळ्यांनीच परीक्षेत लिहिलेला असतो, त्यामुळे व्याख्या सांगत बसत नाही. नाशकात घरवाल्यांच्या तोंडी 'फिट-आउट' हा शब्द नसतोच. तो अंबड-सातपूरच्या कंपन्यांच्या ऑफिसात ऐकू येतो. घरवाले 'फर्निचरचं काम' म्हणतात, हल्ली 'टर्नकी' (सगळं करून थेट किल्ली हातात) म्हणतात. पण शब्द कोणताही असो, हिशोब दोन आहेत. डिझाइनर निर्णयाचे पैसे घेतो: कुठे काय बसेल, कोणत्या मापात, कोणत्या मटेरियलमध्ये, आणि त्याचं वर्किंग ड्रॉइंग. फिट-आउटवाला माल, मजुरी, वाहतूक, कटिंगमधली नासाडी, लिफ्ट, राडारोडा आणि उशिराचा धोका यांचे पैसे घेतो. वॉर्डरोबचं दार उघडताना बेडला अडलं तर चूक डिझाइनरची. तेच दार सहा महिन्यांत लोंबलं तर चूक काम करणाऱ्याची.

आणि तिसरी गोष्ट, जी मला कोणीच सांगितली नाही. डिझाइनर साइटवर जातो तो मालकाच्या बाजूने काम तपासायला. फिट-आउटवाला तिथे असतो तो ज्याचं काम तपासलं जातं तो म्हणून. एका आकड्यात दोन्ही घेतलंत की तपासणाऱ्याही तुम्हीच आणि तपासल्या जाणाऱ्याही तुम्हीच. मी अडकले ते इथे, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

माझ्या थ्रीडीत दोन्ही बेडरूमचे वॉर्डरोब सीलिंगपर्यंत गेलेले होते. दिसायला छान दिसतं म्हणून मी ते तसे काढले होते. हिशोब करताना मात्र मी वॉर्डरोबची उंची 7 फूट धरली, वरचा 2 फुटांचा लॉफ्ट मोजलाच नाही. एक भिंत 10 फुटांची, दुसरी 8 फुटांची. म्हणजे 20 आणि 16, एकूण 36 चौरस फूट. लॉफ्टचा तेव्हा मी धरलेला दर 900 रुपये होता, म्हणजे 32,400 रुपये. सुतारकाम सुरू झाल्यावर काकांनी मोबाइलवर माझाच व्ह्यू काढून दाखवला, "वरचं कधी लावणार?" त्यांचं काही चुकलेलं नव्हतं. माझ्या दृष्टीने ते कल्पनाचित्र होतं, त्यांच्या दृष्टीने सहा लाख चाळीस हजारांत काय मिळणार त्याची यादी. मी फक्त डिझाइनर असते तर म्हणाले असते, काका, लॉफ्ट हवा तर ठेकेदाराला एवढे जास्त द्यावे लागतील, हवा का ते तुम्ही ठरवा. पण ठेकेदार मीच होते. लॉफ्ट माझ्या खिशातून झाला.

इथपर्यंत फक्त पैसे गेले होते. पुढचं सांगायला मला अजूनही जड जातं.

त्या बत्तीस हजारांचा खड्डा भरायला मी जागा शोधायला लागले. एका सकाळी साइटवर गेले तर किचनची पेटी जोडायचं काम चाललं होतं. खाली पडलेला प्लायचा तुकडा मी सहज उचलून उलटा केला. शिक्का होता आयएस 303, एमआर. मी सांगितलं होतं 710. ज्यांना अजून हाताळायला मिळालं नसेल त्यांच्यासाठी: 710 म्हणजे मरीन प्लाय, पाण्याला टिकणारा, 303 मधला एमआर ग्रेड फक्त दमटपणा सोसतो, पाणी नाही. मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "ताई, दुकानातून हाच आला. परत पाठवू का?" दीड शीटचा प्रश्न होता. शीटमागे साधारण हजाराचा फरक. मी हिशोब केला आणि म्हटलं, राहू द्या, आतून लॅमिनेट आहेच.

डिझाइनर म्हणून मी तो माल त्याच क्षणी नाकारायला हवा होता. काकांनी मला त्यासाठीच पैसे दिले होते. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात ठेकेदार बसला होता, आणि त्याला दीड हजार वाचवायचे होते. दोन पावसाळे गेले. सिंकखालच्या ट्रॅपमधून थेंब थेंब पाणी झिरपत राहिलं आणि 2021 मध्ये काकूंचा फोन आला. दार लागत नव्हतं, खालचा तळ फुगून वर आला होता, हात लावला की भुसा निघत होता. मी साडेअकरा हजार खर्चून पेटी बदलून दिली. काकूंनी त्या दिवशीही चहा दिला. तो घेताना मला मान वर करवेना.

म्हणून नवीन मुलामुलींना मी अगदी स्पष्ट सांगते: एका आकड्यात दोन्ही घेऊ नका. समोरचा कितीही चांगला असो, ओळखीचा असो, नात्यातला असो. 'डिझाइन फुकट, फक्त काम आमच्याकडून करा' असं म्हणून ग्राहक आणायची घाईही करू नका. डिझाइन फुकट दिलं की त्याची किंमत कुठल्या तरी प्लायमधून, बिजागरीतून नाहीतर रंगाच्या हातांमधून वसूल करावी लागते, आणि ती वसूल करताना तुमची नजर बदलते.

दोन्ही कामं करूच नयेत असं मात्र मी म्हणत नाही. आज माझ्या निम्म्याहून जास्त साइट मी डिझाइन आणि काम मिळूनच करते. फक्त कागद दोन असतात. पहिला डिझाइनचा: फी किती, कोणती ड्रॉइंग मिळणार, साइटला किती फेऱ्या, किती वेळा बदल फीमध्ये धरलेत. ड्रॉइंगवर मालकाची सही झाल्याशिवाय दुसरा कागद मी काढतच नाही. दुसरा कामाचा, म्हणजे बीओक्यू: कोणतं काम, कोणत्या मालात, किती मापाचं, याची ओळीओळीची यादी. त्यातली एक ओळ कशी असावी ते माझ्या सध्याच्या कागदातून देते:

'मास्टर बेडरूम वॉर्डरोब. कारकस (पेटी) 18 मिमी प्लाय, आयएस 710. आतून 0.8 मिमी ऑफ-व्हाइट लॅमिनेट, दर्शनी बाजूला 1 मिमी, शेड मालकाने सही केलेल्या नमुन्याप्रमाणे. सॉफ्ट-क्लोज बिजागऱ्या. माप एलिव्हेशनचं: 10 फूट × 7 फूट = 70 चौ. फूट. लॉफ्ट स्वतंत्र: 10 × 2 = 20 चौ. फूट.'

आणि त्याच्या खाली, तितक्याच ठळक अक्षरांत, 'यात काय नाही' ते. आरसा नाही, आतला लाइट नाही, भिंतीची ओल काढणं नाही, सोसायटीचं डिपॉझिट नाही. हे लिहिताना आपण कंजूष वाटू अशी भीती वाटते. मलाही वाटायची. पण ज्या मालकाला हे वाचून राग येतो तो शेवटच्या हप्त्याला जास्त रागावतो.

पैशांची अजून एक बाजू आहे, ती थोडक्यात सांगते, बाकी तुमच्या सीएला विचारा. डिझाइन फी असो वा फिट-आउट, जीएसटी दोन्हीवर 18 टक्के. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. नुसती फी घेतलीत तर तिथे पोचायला वेळ लागतो. माल-मजुरी तुमच्या बिलात आली की सव्वासहा-साडेसहा लाखांची चार घरंही पुरतात, आणि नवीन माणसाला हे वर्ष संपल्यावर कळतं. टीडीएसचंही, म्हणजे बिल देतानाच कापल्या जाणाऱ्या आयकराचंही, तसंच. आयकराच्या कायद्यात इंटिरियर डेकोरेशन हे प्रोफेशन धरलेलं आहे, त्यामुळे कंपनी फीवर 10 टक्के कापते. ठेक्याच्या कामावर एकट्या मालकीच्या व्यवसायाला 1 टक्का. अंबडमधल्या एका ऑफिसचं मी 9 लाखांचं एकच बिल दिलं, वर लिहिलं 'इंटिरियर'. अकाउंटवाल्यांनी सगळ्यावर 10 टक्के कापले, 90,000. त्यात फी 1 लाख 20 हजार आणि काम 7 लाख 80 हजार होतं. दोन वेगळे करार आणि दोन बिलं असती तर 19,800 कापले गेले असते. पैसे बुडाले नाहीत, रिटर्न भरल्यावर परत आले, पण सुताराचा पगार द्यायच्या महिन्यात सत्तर हजार हातात नव्हते.

गुरूंबद्दल माझं मत थोडं टोकाचं आहे. जे सर साइटवर फक्त उद्घाटनाच्या दिवशी येतात त्यांच्याकडे रेंडर (थ्रीडी चित्रं) शिका, धंदा शिकू नका. तीन महिन्यांचे सॉफ्टवेअरचे कोर्स वाईट नाहीत, पण त्यातून आलेल्या मुलांना 18 मिमीचा कारकस आणि 12 मिमीचा शेल्फ यांतलं वजन हाताला कळत नाही, आणि सगळा फरक तिथेच आहे. माझं ऐकाल तर पहिलं एक वर्ष फिट-आउटच्या बाजूला काढा. साइट सुपरवायझर म्हणून राबा. पगार कमी मिळेल, उन्हात उभं राहावं लागेल, मुलगी असाल तर पहिले पंधरा दिवस कोणी ऐकणार नाही. सोळाव्या दिवशी मिस्त्री स्वतःहून विचारायला येतात, हे मी पाहिलं आहे.

दुकानांच्या कमिशनबद्दलही बोलायला हवं. टाइल्स, प्लाय, हार्डवेअर, लाइट, सगळीकडे डिझाइनरला देऊ करतात. मी घेत नाही. तुम्ही घेणार असाल तर मालकाला सांगून घ्या. फी आणि कमिशन दोन्ही घेतलंत आणि सांगितलं नाहीत, तर तुम्ही कोणाच्या बाजूने दुकानात उभ्या आहात ते तुम्हालाच कळेनासं होतं.

'आर्किटेक्ट' हे बिरुद 1972 च्या कायद्याने राखीव आहे. इंटिरियर डिझाइनरला तशी सक्तीची नोंदणी नाही. त्यामुळे प्लायचा दुकानदारही पाटीवर तेच लिहितो जे तुम्ही लिहिता. याचं सुरुवातीला फार वाईट वाटतं. पण पाटी सारखी असली तरी सही केलेली ड्रॉइंग आणि ओळीओळीचा बीओक्यू फार थोड्यांकडे असतो, आणि लोक तो ओळखतात. त्याच काकांनी गेल्या वर्षी मुलीच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटसाठी फोन केला. म्हणाले, "दोन कागदवालं द्या."

सध्या सिंहस्थामुळे पंचवटी-तपोवनाच्या बाजूला लॉज आणि होमस्टेची कामं निघत आहेत. नवीन मुलांना तिथे संधी आहे, आणि धोकाही. मालकाला तारीख हवी असते, आणि तारखेचं वचन फिट-आउटवाला देतो, डिझाइनर नाही. पावसाळ्यात मेलामाइन पॉलिश मारलं की हवेतल्या दमटपणाने पांढरट पडतं, त्यामुळे जुलै-ऑगस्टमधले पॉलिशचे दिवस वेळापत्रकात धरूच नका. कोणी 45 दिवसांत सगळं म्हणत असेल तर म्हणू द्या.

आणि मापं स्वतः घ्या. बिल्डरच्या प्लॅनवरून डिझाइन होतं, फर्निचर होत नाही. पाथर्डी फाट्याच्या त्या बेडरूमची भिंत प्लॅनमध्ये बरोबर 10 फूट होती. मिस्त्रींनी टेप लावला: खाली 9 फूट 11 इंच, मध्ये त्याहून दोन सूत (पाव इंच) कमी, वर 9 फूट साडेनऊ इंच. कोपऱ्यात गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) धरला तर एका बाजूने बोट जाईल एवढी फट. मी 10 फुटांचा कारकस कटिंगला पाठवला असता तर तो खोलीत उभाच राहिला नसता. ते म्हणाले, "ताई, भिंत कधी सरळ नसते. सगळ्यात कमी माप धरा आणि दोन्हीकडे पट्टीला जागा ठेवा." तेव्हापासून प्रत्येक भिंत मी तीन उंचींवर मोजते, प्लास्टर आणि टाइल्स झाल्यानंतर मोजते, आणि तो कच्चा कागद तारीख घालून, मिस्त्रींची सही घेऊन फाइलला लावते. शॉप ड्रॉइंग, म्हणजे कटिंगला जाणारं ड्रॉइंग, त्यानंतर.