रहस्यकथेतला ताण का सुटतो? या चुका टाळा

रहस्यकथा लिहिताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सगळंच लपवून ठेवणं. ‘ती’ कोण हे सांगायचं नाही, बंद खोलीत काय आहे ते सांगायचं नाही, दोघांचं कशावरून बिनसलं तेही नाही. याने वाचकाची उत्सुकता वाढत नाही, तो कंटाळतो. काय बिघडू शकतं हेच ठाऊक नसेल, तर त्याने घाबरायचं कशाला?

कोल्हापूरकरांना हे अनुभवाने माहीत आहे. पावसाळ्यात अख्ख्या शहराची नजर पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीवर असते. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. हे आकडे पाठ असतात म्हणूनच जीव टांगणीला लागतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी येते, पण ते पाणी इथवर पोहोचायला काही तास लागतात. खरी धास्ती त्या तासांत असते, आणि कथेतून नेमके तेच तास गाळले जातात.

समजा, नदीकाठच्या आंबेवाडी गावातला एक म्हातारा घर सोडायला तयार नाही. “म्हस आज-उद्या विणार हाय, तिला टाकून कुठं जाऊ?” त्याचं एवढं वाक्य पुरे. पाणी 41 फुटांवर आहे आणि धरणाचे दरवाजे उघडलेत, हे वाचकाला सरळ सांगून टाका. म्हाताऱ्याचा मोबाईल मात्र बंद पडलेला असू दे. आता तो चहाचं आधण ठेवतो, वैरण टाकतो, गोठ्यात कंदील अडकवतो. ही रोजची कामं वाचकाला बघवत नाहीत. रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी बोलताना हाच हिशोब मांडला होता: टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक 15 सेकंद दचकतो, तो तिथे आहे हे आधी कळलं तर 15 मिनिटं ताणात राहतो.

मधला भाग ढिला पडला की बरेच जण वातावरण ओततात. वीज, वारा, कुत्र्याचं रडणं. आपल्याकडे पावसाचं कुणाला अप्रूप? नुसत्या पावसाने कुणी घाबरत नाही. त्याऐवजी सुटकेची एकेक वाट बंद करा. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर निघून गेला, मग वीज गेली, मग म्हशीला कळा सुरू झाल्या. दर वेळी म्हाताऱ्यासमोरची निवड आधीपेक्षा अवघड व्हायला हवी. तशी होत नसेल, तर तो प्रसंग खुशाल काढून टाका.

‘काळीज धडधडलं’, ‘अंगावर काटा आला’ ही वाक्यंही खोडा. पात्रच घाबरून मोकळं झालं की वाचकाला घाबरायला काही उरत नाही. त्यापेक्षा उंबऱ्याला लागलेलं पाणी आणि त्यात तरंगणारी एक चप्पल दाखवा.

राहिला शेवट. ‘ते सगळं स्वप्न होतं’ हा शेवट मला अक्षम्य वाटतो. वाचकाने दिलेला वेळच त्यात पाण्यात जातो. आयत्या वेळी उगवणारी मदतही तशीच. शेवट लिहून झाला की मागे जा आणि त्याची एखादी खूण सुरुवातीच्या पानांत पेरलेली आहे का ते तपासा. म्हातारा पट्टीचा पोहणारा आहे हे शेवटच्या परिच्छेदात पहिल्यांदा कळलं, तर आपल्याला फसवलं असंच वाचकाला वाटणार.