दोऱ्याने जोडलेली गुलाबाई

खान्देशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत बसणाऱ्या गुलाबाईच्या, म्हणजे पार्वतीच्या, मूर्तीला मातीचे मुख, शिवलेला कापडी घेर आणि आतून प्लास्टिकचा आधार द्यायचा असेल, तर हे तिन्ही भाग गोंदाने न चिकटवता दोऱ्यानेच जोडावेत. विसर्जनाच्या वेळी दोरा कापला की केवळ माती पाण्यात जाते, कापड आणि प्लास्टिक घरीच राहते. शिवाय पॉलिथिनवर कोणताही साधा गोंद टिकत नाही.

शेतातली काळी माती यासाठी घेऊ नये. ती ओलीत फुगते, वाळताना आक्रसते आणि हमखास तडकते. कुंभाराकडची चाळलेली माती किंवा शाडू घ्यावा आणि त्यात पिंजलेला कापूस थोडा थोडा टाकून, गुठळी राहणार नाही इतका वेळ मळावा, कारण कापसाचे तंतू वाळणाऱ्या मातीला धरून ठेवतात. मुखापासून खांद्यापर्यंतचा भाग आतून पोकळ ठेवून घडवावा. ही मूर्ती भाजायची नाही, कारण भाजलेली माती पाण्यात विरघळत नाही.

सर्वांत जपून करण्याचे काम म्हणजे भोके पाडणे. बोटाचा ठसा जेमतेम उमटेल इतकी माती सुकली की खालच्या काठापासून दीड सेंटीमीटर वर, दोन-तीन सेंटीमीटरच्या अंतराने, पेन्सिलीहून किंचित जाड भोके पाडावीत. ओल्या मातीत भोक मिटते, पूर्ण वाळलेल्या मातीत काठ फुटतो. मूर्ती सावलीत, ओलसर फडक्याखाली हळूहळू वाळू द्यावी. मग प्रत्येक भोकात ठिबक सिंचनाच्या जुन्या मायक्रोट्यूबचा, म्हणजे बारीक प्लास्टिक नळीचा, छोटा तुकडा बसवावा आणि तो सैल वाटल्यास त्याला कापसाचा एक वेढा द्यावा. हा तुकडा नसेल तर मातीची खरखरीत कड दोरा कापते. विसर्जनाआधी हे तुकडे काढून घ्यावेत. गेरू किंवा इतर रंग लावायचा असल्यास तो याच टप्प्यावर लावून वाळू द्यावा.

माती आणि घेर जोडणाऱ्या कमरपट्ट्यासाठी तळाशी त्रिकोणात २ हा आकडा असलेल्या, म्हणजे एचडीपीई या टणक पॉलिथिनच्या, रिकाम्या कॅनची तीन सेंटीमीटर रुंद पट्टी कापावी. तिच्यावरच्या खुणा वाळलेली मूर्ती समोर ठेवूनच कराव्यात, कारण वाळताना मातीबरोबर भोकांमधले अंतरही कमी झालेले असते. तापवलेल्या दाभणाने पट्टीला भोके पाडावीत; धूर निघतो, म्हणून हे काम अंगणात करावे. पट्टीची टोके एकमेकांवर घेऊन शिवली की कडे तयार होते.

घेराचे सुती कापड आधी धुऊन त्यातली खळ काढावी, नाहीतर पुढे ते आटून टाके ओढले जातात. धावदोरा घालून चुण्या पाडाव्यात आणि तो घेर कड्याच्या खालच्या काठाला उलट्या टिपेने शिवावा. त्यानंतर मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने कडे मातीला बांधावे. प्रत्येक भोकाला वेगळी गाठ मारावी, म्हणजे एक दोरा तुटला तरी बाकीचे सुटत नाहीत. दोरा कधीही ताणून आवळू नये. कच्च्या मातीचा काठ ओढीने तुटतो.

शेवटी तळाशी वाळू भरलेली प्लास्टिकची बाटली आत उभी करून तिच्या तोंडावर मुखाचा पोकळ भाग टेकवावा, म्हणजे मातीचा भार बाटली पेलते आणि शिवणीवर फक्त कापडाचे वजन राहते.