नोआ गेले, मेटिऑर पकडा

हवामान उपग्रहांनी पाठवलेली पृथ्वीची चित्रं घरी पकडायला, जुने लेख वाचून १३७.६२ मेगाहर्ट्झवर रेडिओ लावून बसला असाल, तर उठा. अमेरिकेचे नोआ-१५, १८ आणि १९ हे तिन्ही उपग्रह २०२५ च्या जून ते ऑगस्टदरम्यान बंद झाले. त्यांचा टिकटिक आवाज साउंड कार्डात सोडला की चित्र उमटायचं. गंमत होती ती. आता रशियाचे मेटिऑर-एम २-३ आणि २-४ हे हवामान उपग्रह आहेत. त्यांचा सिग्नल डिजिटल, कानाला नुसती खरखर. पण नोआच्या चित्रात एक ठिपका चार किलोमीटरचा असे, इथे साधारण एकच किलोमीटरचा आहे.

लॅपटॉप, आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि सिग्नलमधून चित्र काढणारं सॅटडंप हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागतं. महागडा डोंगल घेऊ नका. खरी मेहनत अँटेनावर घ्या.

साधारण ५३ सेंटिमीटरच्या दोन ॲल्युमिनियमच्या दांड्या घ्या. डोंगलकडे जाणाऱ्या केबलची आतली तार एकीला, बाहेरची जाळी दुसरीला. दोन्ही एकमेकींना टेकता कामा नयेत. त्या १२० अंशांत इंग्रजी व्हीसारख्या आणि जमिनीला समांतर ठेवा. व्हीचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला, कारण हे उपग्रह ध्रुवांवरून फिरतात. आडव्या मांडणीचा आणखी एक फायदा: जमिनीवरचे उभ्या ध्रुवणाचे (उभ्या अँटेनांतून सुटणारे) सिग्नल बरेच दबतात. मिलिमीटर मोजत बसू नका. त्यापेक्षा आकाश मोकळं दिसेल अशी जागा शोधा आणि लोखंडी कठड्यापासून लांब राहा. एलईडी दिवे आणि स्वस्त चार्जर या बँडवर भयंकर गोंगाट करतात. मी तर लॅपटॉप बॅटरीवरच चालवतो.

आता सॅटडंपमध्ये कक्षांची माहिती अद्ययावत करा आणि उपग्रह आकाशात चाळीस अंशांहून वर चढेल अशी फेरी निवडा. सुरुवात २-४ ने करा, त्याचा सिग्नल दमदार आहे. १३७.९ मेगाहर्ट्झ लावा (कधीकधी १३७.१ वरही प्रक्षेपण असतं, आधी खात्री करा) आणि मेटिऑरचा ७२के एलआरपीटी (त्याच्या डिजिटल चित्रप्रक्षेपणाची पद्धत) हा पर्याय निवडा. गेन, म्हणजे डोंगल सिग्नल किती मोठा करतो ते, हळूहळू वाढवा. सिग्नलपेक्षा गोंगाटच जास्त वर येऊ लागला की थांबा. उपग्रह जवळ येताना आणि लांब जाताना फ्रिक्वेन्सी काही किलोहर्ट्झ सरकते, ते सॉफ्टवेअर सांभाळून घेतं. दहा-बारा मिनिटांत फेरी संपते. पडद्यावर सिंक लागल्याचं, म्हणजे सॉफ्टवेअरला सिग्नल नीट सापडल्याचं, दिसलं की अँटेनाला हात लावू नका.

चित्रात काळे पट्टे आले तर ते नीट वाचा. चित्राच्या टोकांना असतील तर क्षितिजाजवळ इमारत किंवा झाडं आड येत आहेत, म्हणजे जागा बदलायला हवी. मधेच तुटक आले तर गोंगाट. घरातली उपकरणं एकेक बंद करून पाहा. यानंतरही सिग्नल कमकुवत वाटला तरच ॲम्प्लिफायरचा विचार करा, आणि तो अँटेनाच्या बुडाशी लावा, डोंगलजवळ नव्हे.