वापसा आला की आधी पुदिना आवरा

हादग्याची गाणी सुरू झाली आहेत. हत्तीचा पाऊस अधूनमधून कोसळतो आणि मधले दोन-चार दिवस ऊन चांगलं तापतं. कोल्हापूर भागात परड्यात मेथी-कोथिंबिरीचे वाफे करायची हीच वेळ. पण बी आणायला मंडईत जाण्याआधी परसात एक चक्कर मारा आणि पुदिना कुठवर पोचलाय ते बघा. जूनमध्ये नळाजवळ चार काड्या खोचल्या असतील, तर त्या एव्हाना अळू ओलांडून कढीपत्त्याच्या बुंध्याशी गेल्या असतील. पावसाळाभर ओल आणि अर्धी सावली मिळाली की पुदिन्याला आणखी काही लागत नाही.

पुदिना वाढतो तो वरच्या पानांनी नव्हे, खालच्या धावत्या खोडांनी. ठोंबाशेजारची चार बोटं माती हाताने उकरून पाहा. काडेपेटीच्या काडीएवढी जाड, पांढरी, दोरीसारखी खोडं आडवी पसरलेली दिसतील. त्यांना बोट-दीड बोटाच्या अंतरावर पेरं असतात. प्रत्येक पेरातून बारीक मुळ्या खाली आणि एक टोकदार कोंब वर निघालेला असतो. काही खोडं मातीच्या वरूनच जांभळट होऊन पळतात आणि जिथे टेकतात तिथे मूळ धरतात. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. जितके तुकडे, तितकी नवी झाडं.

म्हणून पुदिन्यावर कुदळ चालवू नका. मी एकदा ही चूक केली. अख्खा वाफा कुदळीने खणला, वरचा पाला गोळा करून टाकला आणि काम झालं असं समजले. पंधरा दिवसांत एका ठोंबाच्या जागी वाफाभर कोंब उभे राहिले, कारण कुदळीने मी खोडांची खांडोळी केली होती आणि मोकळी, भुसभुशीत माती वर दिली होती. शेतात हराळी वखरून जसं होतं तसंच झालं. हराळी वेचून काढावी लागते, पुदिनाही वेचूनच काढावा लागतो. विळ्याने वरवर कापल्याने तर तो आणखी फुटतो. चटणीसाठी खुडणं ही त्याची मशागतच असते.

वेचायचा तर वापसा साधा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी असताना काम करा. पंचगंगेच्या बाजूची काळी माती ओली असली की चिखल होऊन खोडांना चिकटते, वाळली की दगड होते आणि खोड मधेच तुटतं. मूठभर माती घेऊन लाडू वळा आणि कंबरेच्या उंचीवरून खाली टाका. तो फुटून मोकळा झाला तर वापसा आला. पसरट चेपला तर आणखी दोन दिवस थांबा. पन्हाळा, राधानगरीकडच्या तांबड्या मातीत पाणी लवकर निचरतं, तिथे पाऊस उघडल्यावर फार थांबावं लागत नाही.

दातेरी काटा असेल तर उत्तम, नसेल तर खुरपं. ठोंबापासून वीतभर लांब, पुदिना जिथे संपलाय तिथून सुरुवात करा आणि आत मध्याकडे या. काटा खाली घालून माती फक्त उचलायची, उलथायची नाही. मग खोड हातात धरून हळूहळू ओढत जायचं. वापशावर हात-हातभर लांबीची खोडं अखंड निघतात, आणि तशी निघायला लागली की काम सोडून उठावंसं वाटत नाही. बहुतेक खोडं वरच्या वीतभर मातीतच असतात. फार खोल जायची गरज नाही, पण बाजूला मात्र लांबवर शोधा. विटांच्या कडेखाली आणि फरशीच्या सांध्यात हमखास राहून जातात.

काढलेला ढीग खतखड्ड्यात ताजा टाकू नका. तिथल्या ओलीत तो पुन्हा रुजतो आणि पुढच्या वर्षी खताबरोबर सगळ्या बागेत जातो. गटारात किंवा ओढ्याकाठीही नको. गच्चीवर किंवा फरशीवर पातळ पसरून ऑक्टोबरच्या उन्हात आठवडाभर वाळवा, मधे एक-दोनदा उलटा. खोड कटकन मोडलं की मग खतात चालेल.

जागा मोकळी झाली की लगेच तिथे वांगी-टोमॅटो लावू नका. कितीही वेचलं तरी चार तुकडे राहतातच. आधी मेथी टाका. महिनाभरात मेथी उपटून निघते आणि तिच्याबरोबर पुदिन्याचे नवे कोंबही दिसतात, ते मुळासकट काढता येतात. मग पुन्हा मेथी किंवा कोथिंबीर. दोन पिकं अशी घेतली की वाफा बराचसा स्वच्छ होतो. भाजी नकोच असेल तर जाड पुठ्ठे अंथरून वर वीतभर उसाचं पाचट घाला आणि उन्हाळ्यापर्यंत हलवू नका. आपल्याकडे पाचटाला तोटा नाही. मात्र पाचटाचा ढीग उचलताना आधी काठीने हलवा, हात थेट घालू नका. त्याच्या उबेला साप बसतात.

हळदीच्या वाफ्यात पुदिना शिरला असेल तर आत्ता खणू नका. हळदीचे गड्डे भरायचे हेच दिवस, मुळं दुखावली तर उत्पन्न जातं. वरवर दिसणारे कोंब हाताने उपटत राहा आणि फेब्रुवारीच्या सुमारास हळद काढताना दोन्हींची वेचणी एकदमच करा.

तणनाशकाचं विचाराल तर परसात अजिबात नको. शेजारी कढीपत्ता, अळू, तुळस असते, आणि पाला तर आपण कच्चा खातो. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करावा, अशी अधिसूचना केंद्र सरकारने २०२२ साली काढली आहे. घरी फवारायची ती गोष्ट नव्हे.

हे सगळं पुदिना नको म्हणून नाही. भेळेच्या चटणीला, बिर्याणीला, ताकाला तो घरचाच हवा. तो कुंडीत ठेवा. खोल कुंडीपेक्षा पसरट बरी, फुटभर रुंद आणि आठ-नऊ इंच खोल. जुनं घमेलं भोकं पाडून चालतं. नुसती काळी माती कुंडीत आवळते, म्हणून दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग वाळू घ्या. कुंडी थेट जमिनीवर ठेवू नका, तळाच्या भोकातून मुळं खाली उतरतात. फरशीवर ठेवा आणि महिन्यातून एकदा उचलून बघा. काठावरून बाहेर लोंबणारी खोडं दर आठवड्याला कापा. वर्षातून एकदा सगळा गड्डा बाहेर काढून निम्मा ठेवा, नाहीतर मुळं आवळून पानं बारीक पडतात. पानांच्या मागे नारिंगी ठिपके दिसले तर तो तांबेरा. त्या काड्या बुडातून कापून कचऱ्यात द्या आणि पाणी पानांवर न मारता बुडाशी घाला. मोरीच्या सांडपाण्यावर पुदिना वाढवायची सवय मात्र सोडा. कच्च्या चटणीत जाणारा पाला साबणाच्या आणि घाण पाण्यावर नको.

बाकीची कामं थोडक्यात. जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. उरलेल्यावर लिटरभर पाण्याला ५ मिली निमतेल आणि चार थेंब भांडी घासायचा द्रवसाबण घालून संध्याकाळी फवारा. गोगलगायी अजून असतील, तर रात्री ओलं पोतं वाफ्याच्या कडेला अंथरा आणि सकाळी खालच्या गोळा करा, पण हातमोजा घालून. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा पालथ्या करा, डेंग्यूचे डास तिथेच होतात. पाणी रोज घालायची घाई नको. बोटाचं एक पेर मातीत घाला, आत ओल लागली तर आज राहू द्या.

दिवाळीत शेजारणीला पुदिना द्यायचा असेल तर मुळासकट ठोंब देऊ नका. खालची पानं काढलेल्या चार काड्या पेलाभर पाण्यात ठेवा, आठ-दहा दिवसांत पांढऱ्या मुळ्या फुटतात. त्या छोट्या कुंडीत लावून कुंडीसकटच द्या, आणि जमिनीत लावू नकोस म्हणून आवर्जून सांगा.