शेतमातीतील कीटकनाशकांचे अवशेष कसे मोजून घ्यावेत

मुरबाड-शहापूर पट्ट्यात भातानंतर भेंडी, काकडी घेणाऱ्यांना कधी ना कधी माती तपासून घ्यावीशी वाटते. त्यांना मिळणारा सल्ला मात्र बहुतेक वेळा नत्र-स्फुरद-पालाश तपासणीचा असतो: माती सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा, जमेल तेव्हा द्या. खताच्या मात्रेसाठी तो योग्य आहे, पण अवशेषांसाठी तो पाळल्यास तपासणीचे पैसे वाया गेले असे समजावे.

गेल्या काही हंगामांत काय फवारले, कधी फवारले, शेजारच्या शेतात काय मारले याची यादी आधी करावी. मग एनएबीएल (चाचणी प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडावी आणि तिच्या मान्यतेच्या व्याप्तीत ‘माती’ व आपल्या यादीतील औषधे आहेत का, हे लेखी विचारावे. ग्लायफोसेट हे तणनाशक नेहमीच्या बहु-अवशेष चाचणीत (एकाच वेळी अनेक औषधे शोधणाऱ्या) सापडत नाही. ते वापरले असल्यास त्याची वेगळी चाचणी मागावी लागते.

आता नमुना घेण्याकडे वळू, कारण अहवालातला आकडा यंत्रावर नव्हे, शेतात ठरतो. एका खाचरातून नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणांहून माती घ्यावी. बांधालगतची पट्टी, झाडाखालची जागा आणि विशेषतः पंप धुतात किंवा औषध कालवतात तो कोपरा पूर्णपणे टाळावा; तिथली एक मूठ माती साऱ्या खाचराचा आकडा फुगवते. त्या कोपऱ्याबद्दलच शंका असेल तर त्याचा वेगळा नमुना द्यावा. पालापाचोळा बाजूला सारून स्टीलच्या खुरप्याने १५ सेंटीमीटर खोल खड्डा करावा आणि त्याच्या भिंतीवरून वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा काप काढावा. वरवरची माती ओरबाडून भरणारे पुष्कळ भेटतात. बरीचशी औषधे वरच्या थरातच धरून राहतात, त्यामुळे अशा नमुन्याचा आकडा जास्त येतो. दोन शेतांच्या मध्ये खुरपे पाण्याने आणि मग ॲसिटोनने धुवावे. कमी फवारलेले शेत आधी घ्यावे.

सारी माती स्टीलच्या पातेल्यात कालवून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहावे. सांगायला सोपे, पण आपल्याकडची चिकट, ओली माती कालवत नाही, तिचे गोळे होतात. ते हाताने वाळूएवढे बारीक होईपर्यंत फोडत बसावे लागते आणि इथे कंटाळा केला तर एकाच बरणीतल्या दोन चमच्यांचे आकडे जुळत नाहीत. माती लवकर सुटी व्हावी म्हणून ती उन्हात पसरण्याचा मोह होतो. तो आवरावा. उन्हात काही औषधे उडून जातात, काहींचे विघटन होते.

नमुना गडद रंगाच्या काचेच्या बरणीत भरावा, झाकणाखाली ॲल्युमिनियमची फॉइल लावावी. प्लॅस्टिकची पिशवी नको. तिच्यातील थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करणारी रसायने) मातीत उतरून विश्लेषणात लुडबुड करतात. बरणी बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. मुरबाडहून नवी मुंबईतील महाप्याला निघालेली गाडी शिळफाट्याच्या कोंडीत अडकली, तर तापलेल्या डिकीत मातीतले जीवाणू औषध खातच राहतात. त्याच दिवशी जाणे जमणार नसेल तर उणे २० अंशांवर गोठवावे.

पुढचे काम प्रयोगशाळेचे. बहुधा दहा ग्रॅम मातीतून ॲसिटोनायट्राइलने अवशेष काढतात, क्षारांनी द्रावणाचे थर वेगळे करतात आणि गॅस व लिक्विड क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रांवर मोजतात. माती कोरडी असेल तर आधी पाणी घालून मुरवली का, एवढे जरूर विचारावे. अन्यथा कणांत अडकलेले औषध पुरेसे सुटत नाही.

अहवालात ‘आढळले नाही’ म्हणजे शून्य नव्हे; शेजारी मोजणीची किमान मर्यादा किती दिली आहे ते पाहावे. आकडा ओल्या मातीवर आहे की कोरड्या, हेही तपासावे: २० टक्के ओलाव्याच्या मातीतील किलोमागे ०.०८ मिलिग्रॅम म्हणजे कोरड्या मातीवर ०.१० मिलिग्रॅम. डीडीटीपेक्षा डीडीई (डीडीटीच्या विघटनातून बनणारे रसायन) जास्त दिसले तर तो बहुधा जुना वापर असतो, नवी फवारणी नव्हे. आणि अन्नपदार्थांसाठीची एमआरएल, म्हणजे अवशेषांची कमाल मर्यादा, मातीच्या आकड्याला लावू नये; भेंडी विक्रीयोग्य आहे का हे जाणायचे असेल तर किलोभर भेंडीच वेगळी तपासायला द्यावी.